फिले नाइफ कशी निवडायची? मासे साफ करणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

फिले नाइफच कशाला, घरातली रोजची सुरी चालत नाही का?

चालते, काम होतं, पण फिले, म्हणजे काट्यावरून सोडवलेला मांसाचा सलग तुकडा, काढून झाल्यावर उरलेला काटा एकदा उजेडात धरून बघा, त्याला किती मांस चिकटून राहिलंय ते दिसेल. फिले काढायची म्हणजे मधल्या काट्याला आणि बरगड्यांना अगदी लागून पातं सरकवत न्यायचं असतं, आणि तो सांगाडा काही सपाट नसतो, पोटाकडे बाहेर वळलेला, शेपटीकडे निमुळता. जाड कडक पातं त्या वळणाला वळत नाही, ते सरळच जातं आणि वळणात बसलेलं मांस मागे राहतं. गोल अंगाच्या, म्हणजे चपट्या नसलेल्या माशाच्या एकूण वजनातून तशीही साधारण ३५ ते ५० टक्केच फिले मिळते, बाकी सगळं डोकं, काटा, आतडी, पर यात जातं, त्यातून अजून थोडं काट्यावर सोडून द्यायचं म्हणजे वाईटच वाटतं.

फिले नाइफ तीन गोष्टींनी ओळखू येते. पातं अरुंद, पातं पातळ, आणि दाबलं की वाकून परत सरळ होणारं. टोक बहुतेक वेळा थोडं वर उचललेलं असतं, ते कल्ल्यामागे शिरायला आणि पोट उघडायला बरं पडतं.

मग घेताना आधी काय बघायचं? सगळीकडे तर स्टीलवरच चर्चा चालू असते.

हो ना, आणि तेच मला पटत नाही. स्टील महत्त्वाचं आहेच पण ते शेवटी येतं. आधी तुम्ही कुठला मासा साफ करता ते, त्यावरून पात्याची लांबी आणि लवचिकपणा, मग मूठ ओल्या हातात टिकते का, आणि मग स्टील. भारी स्टीलची पण चुकीच्या जाडीची सुरी घेतली तर ती वर्षभर धारदार राहील आणि वर्षभर मांस काट्यावर सोडत राहील.

लांबी किती घ्यायची?

बाजारात ६ ते ९ इंच, म्हणजे साधारण १५ ते २३ सेंमी, या मापात मिळतात, त्याहून छोट्या मोठ्याही असतात. तळहाताएवढे किंवा त्याहून थोडे मोठे मासे असतील, बांगडा ट्राउट वगैरे, तर ६ इंच भरपूर झाली. दोन-तीन किलोपर्यंतचे मासे असतील तर ७ किंवा साडेसात. सॅल्मनसारखा लांब मासा किंवा त्याहून मोठं काही नेहमी येत असेल तर ८-९.

अंदाज असा लावायचा की माशाच्या एका बाजूची रुंदी, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंत, पात्याने एका झटक्यात ओलांडली गेली पाहिजे आणि वर थोडं पातं शिल्लक राहिलं पाहिजे. पातं आखूड पडलं की तुम्ही करवतीसारखं पुढे मागे करायला लागता आणि फिलेवर पायऱ्या पडतात. उलट छोट्या माशाला ९ इंची घेतली तर टोक कुठे चाललंय यावर कंट्रोल राहत नाही, ते दुसऱ्या बाजूने कातडी फाडून बाहेर येतं. एकच सुरी घ्यायची असेल आणि मासे मिक्स असतील तर ७ इंच घ्या, डोळे झाकून.

लवचिकपणा किती असावा? काही लोक म्हणतात जेवढी वाकेल तेवढी चांगली.

असं नाही. जास्त वाकणारी सुरी चपट्या माशांना, छोट्या माशांना आणि कातडी सोडवायला मस्त, कारण तिथे पातं जवळजवळ आडवं धरून हाडावरून किंवा पाटावरून घसरवत न्यायचं असतं. पण तीच सुरी जाड मांसाच्या मोठ्या माशात घातली, समजा ट्यूना, तर आत गेल्यावर ती कुठे वळतेय ते तुमच्या हाताला कळतच नाही, आणि जाड बरगड्या आल्या की पातं वर उचललं जातं. अशा माशाला थोडी ताठ सुरी लागते. मधल्या मापाच्या बहुतेक माशांना मध्यम.

आता हे थोडं तांत्रिक आहे पण समजून घ्या, कारण यातच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पातं किती वाकतं हे स्टीलच्या नावावर ठरत नाही. सुऱ्यांना वापरतात त्या सगळ्या स्टीलांचा मूळ ताठपणा जवळजवळ सारखाच असतो, मऊ स्टील असो की कडक. फरक पडतो तो जाडीने, आणि तोही घनाच्या हिशोबाने, जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. म्हणजे पाठीकडे २ मिमी असलेलं पातं २.५ मिमी केलं तर तेवढ्याच लांबी-रुंदीला ते जवळपास दुप्पट ताठ होतं, आणि हा अर्धा मिमीचा फरक फोटोत कुणाला दिसतो? लांबीचंही तसंच, तेवढ्याच जाडीचं ९ इंची पातं ६ इंचीपेक्षा तेवढ्याच दाबाला तिपटीहून जास्त वाकतं. म्हणून एकाच कंपनीची एकाच सिरीजमधली ६ इंची हातात धरून बघितली आणि ९ इंची मागवली असं करू नका, ती दुसरीच सुरी असते.

स्टीलचा कडकपणा कुठे येतो, तर वाकल्यावर पुढे काय होणार तिथे. मऊ पातं फार वाकवलं तर वाकलेलंच राहतं, फार कडक असेल तर तुटतं किंवा धारेचे टवके उडतात. चांगली फिले नाइफ मधे कुठेतरी असते.

दुकानात उभं राहून हे चेक कसं करणार?

पात्याचं टोक लाकडी पाटावर टेकवा, धार स्वतःपासून लांब आणि बोटं लांब, आणि चपट्या बाजूने हलका दाब द्या. मध्यम सुरीचं टोक दोन-तीन सेंमी सहज सरकायला हवं आणि सोडल्यावर पटकन जागेवर यायला हवं. मग मुठीकडून पाठीच्या रेषेत एक डोळा मिटून बघा, पातं पूर्ण सरळ दिसतंय ना. वाक कुठून सुरू होतो तेही बघा, हे फार कमी लोक बघतात. पाठ मुठीपाशी जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत गेली असेल तर पुढचा अर्धा भाग वाकतो आणि मुठीजवळचा भाग ताठ राहतो, मग डोकं वेगळं करताना मागचा भाग जोर घेतो आणि बरगड्यांवर पुढचा भाग वळतो. सगळीकडे एकाच जाडीची पट्टी कापून केलेलं पातं असेल तर ते मुठीपासूनच डुगडुगतं.

ऑनलाइन घेत असाल तर पाठीची जाडी दिलीय का बघा. दिलेली नसेल तर विचारा, आणि बाजूने नाही तर वरून काढलेला फोटो मागा.

मूठ लाकडाची की प्लास्टिकची?

माझं मत स्पष्ट आहे, रबरासारखी पकड असलेली किंवा खरखरीत टेक्श्चरची सिंथेटिक मूठ. माशाचा बुळबुळीतपणा, रक्त, पाणी, तेल, हे सगळं एकदम हातावर असतं आणि गुळगुळीत पॉलिश केलेली मूठ तेव्हा हातात फिरते. हॉटेलांच्या किचनमध्ये आणि मासे सोलायच्या कारखान्यांत साध्या प्लास्टिक मुठीच्या सुऱ्या दिसतात त्या याचसाठी, धुवायला सोप्या, पाणी पीत नाहीत आणि वास धरत नाहीत. व्हिक्टोरिनॉक्सची फायब्रॉक्स मूठ हे त्याचं माहीत असलेलं उदाहरण. लाकूड दिसायला सुंदर, हातालाही उबदार लागतं, फिनलंडच्या मार्तिनी कंपनीच्या बर्च लाकडाच्या मुठी लोक प्रेमाने वापरतात, पण लाकूड भिजतं सुकतं भिजतं सुकतं आणि कधीतरी पातं आणि मूठ यांच्यामधे फट पडते, त्या फटीत काय जाऊन बसतं ते सांगायला नको. लाकूडच हवं असेल तर प्रत्येक वेळी लगेच पुसायचं आणि अधूनमधून तेल द्यायचं, तेवढी तयारी असेल तर जरूर घ्या.

मुठीच्या पुढच्या टोकाला, पातं सुरू होतं तिथे, खालच्या बाजूला एक उंचवटा हवा. तो बोट धारेवर घसरण्यापासून थांबवतो. हा उंचवटा नसलेली सुरी मी कुणालाच सुचवणार नाही, किती का चांगलं पातं असेना.

आणि हातात धरून बघताना ओल्या हाताने धरा. दुकानदार नाही म्हणणार नाही, विचारून बघा. हातमोजे घालून काम करत असाल तर मोजे घालून धरा, मोज्यात मूठ एकदम जाड लागायला लागते.

पातं मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं असावं का?

मोठ्या सुऱ्यांना हा मुद्दा आहे, फिले नाइफला तेवढा नाही. यात तुम्ही तोडत नाही, ठोकत नाही, पिळत नाही, त्यामुळे पात्याचं शेपूट अर्ध्या मुठीपर्यंत गेलं आणि वर मूठ घट्ट मोल्ड केलेली असली तरी वर्षानुवर्षं टिकते. उलट मूठ पात्याला जोडणाऱ्या खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटच्या जोडाला फटी असतील तर घाण तिथेच साचते.

बरं, आता स्टीलचं सांगा.

दोन मोठे गट, स्टेनलेस आणि साधं कार्बन स्टील. स्टेनलेस म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं, ते क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अदृश्य थर बनवतं आणि गंज अडवतं. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये हे स्टील बनवलं तेव्हापासून सुऱ्यांचं जगच बदललं. कार्बन स्टीलला धार झटकन लागते, पण मासा म्हणजे पाणी आणि मीठ, दहा मिनिटं ओली ठेवली की डाग दिसायला लागतात. मासे साफ करायला स्टेनलेसच घ्या, यात फार विचार करण्यासारखं नाही.

स्टेनलेसमध्ये मग नावं खूप आहेत. जर्मन आणि स्विस पद्धतीच्या सुऱ्यांत १.४११६ नावाचं स्टील सर्रास असतं, अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, कडकपणा रॉकवेल स्केलवर (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तर स्टील कडक) ५५-५६ च्या आसपास, धार लवकर उतरते पण रॉडवर, म्हणजे धार सरळ करायच्या कांडीवर, दोन हात मारले की परत येते, वाकवलं तरी तुटत नाही, फिले नाइफसाठी मला हे अगदी योग्य वाटतं. ४२०एचसी साधारण त्याच घरातलं. व्हीजी-१० वगैरे ६० च्या आसपास जातात, धार खूप टिकते, पण हाडावर आडवं पडलं तर टवका जाऊ शकतो आणि धार लावायलाही वेळ लागतो. समुद्रावर, बोटीवर, सतत खाऱ्या पाण्यात काम असेल तर एच१ किंवा एलसी२००एन बघा, या दोन्हींना खाऱ्या पाण्यातही गंज धरणं अवघड, एलसी२००एनमध्ये कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं मात्र समजू नका. मिठातलं क्लोराइड तो ऑक्साइडचा थर ठिकठिकाणी फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, धारेवर असा खड्डा पडला की तिथे दात पडल्यासारखं होतं.

बोनिंग नाइफ आणि फिले नाइफ एकच ना?

लांबून तशाच दिसतात. बोनिंग नाइफ मटणाच्या हाडांसाठी, थोडी जाड आणि ताठ. मोठ्या माशाला ती चालून जाते, छोट्याला नाही. उलटं मात्र करू नका, फिले नाइफने मटणाचे सांधे सोडवायला गेलात तर पातं वाकडं होईल.

जपानी डेबा घेऊ का?

डेबा माशासाठीच बनलेली सुरी आहे पण तिचं काम करायचं तंत्र पूर्ण वेगळं. ती जाड आणि जड असते, डोकं तोडायला दमदार, आणि धार एकाच बाजूने लावलेली असते, त्यामुळे पातं वाकून नाही तर सपाट बाजू काट्याला टेकवून मांस सोडवलं जातं. शिकायला वेळ देणार असाल तर काम अप्रतिम होतं. डावखुऱ्या लोकांनी लक्षात ठेवा, एका बाजूने धार असलेली सुरी उजव्या हाताची असेल तर तुमच्या हातात ती चुकीच्या दिशेला ओढते, डावखुऱ्यांसाठीची वेगळी मागवावी लागते. साध्या दोन्हीकडून धार असलेल्या फिले नाइफला हा प्रश्न नाही, फक्त मुठीचा आकार एका हातासाठी वळवलेला नाही ना ते बघा.

घडीची किंवा इलेक्ट्रिक?

घडीची सुरी प्रवासाला सोयीची, पण सांध्यात खवले आणि चिकटा जातो आणि तो निघत नाही, घ्यायचीच असेल तर पातं उघडल्यावर पक्कं लॉक होणारी घ्या. इलेक्ट्रिक ज्यांच्यापुढे एका बसणीत माशांचा ढीग असतो त्यांच्यासाठी, बरगड्यांतून सरळ निघून जाते, वेग जबरदस्त, पण काटा हाताला जाणवत नाही. शिकताना आधी साध्या सुरीवर हात बसू द्या.

नवीन सुरी होती, महिन्यात बोथट झाली. सुरी खराब निघाली का?

बहुतेक वेळा सुरी नाही, वापर. तीन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, त्याच सुरीच्या धारेने खवले काढणं. खवले धारेला खाऊन टाकतात, त्याला वेगळी खवणी घ्या किंवा सुरीची पाठ वापरा, शेपटीकडून डोक्याकडे. बाहेरून कातडीवर पहिली चीर देतानाही खवल्यांवरून न ओढता टोक आत घालून आतून बाहेर कापत गेलात तर धार जास्त दिवस चालते. दुसरं, पाट. काच, ग्रॅनाइट, स्टीलचा ओटा, यावर कुठलीच धार टिकत नाही, लाकूड किंवा सुऱ्यांसाठीचं जाड प्लास्टिक घ्या आणि खाली ओलं फडकं टाका म्हणजे पाट सरकत नाही. तिसरं, मधला काटा याच सुरीने तोडणं. त्याला जाड सुरी किंवा कात्री घ्या. फिलेमधले बारीक काटे चिमट्याने त्यांच्या कलाने ओढून काढायचे असतात, सुरीच्या टोकाने खणायचे नसतात.

धार कशी लावायची? वाकणारं पातं दगडावर नीट बसतच नाही.

बरोबर, यात वेगळी काळजी लागते. दोन्ही बाजूंनी १५ अंशांच्या आसपास कोन धरा, फिले नाइफला १२ ते १७ मध्ये कुठेही चालतं, कोन कमी तर धार तीक्ष्ण पण नाजूक. दगड १००० ग्रिटचा पुरतो (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा, आकडा जास्त तर दगड बारीक), वर ३००० किंवा ६००० चा असेल तर कातडी सोलताना फरक जाणवतो. महत्त्वाचं हे की दुसऱ्या हाताची बोटं पात्यावर बरोबर त्या जागी ठेवायची जो भाग आत्ता दगडावर आहे, आणि दाब हलका. नुसत्या मुठीने दाबलंत तर पातं वाकतं, कोन बदलतो, आणि मधे जास्त घासलं जाऊन टोकाला काहीच होत नाही. तुकड्यातुकड्याने करा, आधी मुठीकडचा, मग मधला, मग टोकाकडे मूठ किंचित उचलत. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागली, धारेवर आडवं बोट फिरवून, धारेच्या दिशेने कधीच नाही, की समजायचं धारेपर्यंत पोचलो, मग बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने ती खरखर काढा.

रोजच्या कामात मात्र दगड नाही, रॉड. सुरू करायच्या आधी चार-पाच हात प्रत्येक बाजूला. ओढून धार लावायची ती व्ही आकाराची खाच असलेली यंत्रं पातळ पात्यासाठी मी टाळतो, मेटल फार जातं.

धारदार सुरीची भीती वाटते, थोडी बोथट बरी नाही का?

नाही, आणि हे मनापासून सांगतोय. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी घसरली तर थांबत नाही. धारदार सुरी दोन बोटांच्या दाबाने चालते.

भीती वाटत असेल तर मासा धरणाऱ्या हातात कापण्याला अडवणारा मोजा घाला. युरोपियन ईएन ३८८ मार्किंगमध्ये कापण्याच्या टेस्टसाठी ए पासून एफ पर्यंत अक्षर असतं, पुढचं अक्षर म्हणजे जास्त संरक्षण. पण हे मोजे विणलेले असतात, टोक सरळ घुसलं तर ते अडवत नाहीत, काटाही आरपार जातो. पातं नेहमी स्वतःपासून लांब चालवा, आणि मासा निसटायला लागला की थांबा, हात, मासा, मूठ तिन्ही पुसा, मग पुढे. मासा शेपटीला जाड मीठ लावून धरला तर निसटत नाही, कातडी सोलताना हे फार कामाला येतं.

मासे साफ करताना कापलं किंवा काटा टोचला तर जखम छोटी वाटली तरी लगेच साबणाने स्वच्छ धुवा. माशातून आणि पाण्यातून येणारे काही जंतू, व्हिब्रिओ किंवा मायकोबॅक्टेरियम मॅरिनमसारखे, त्वचेत आणि खोलवर इन्फेक्शन करतात, लाली पसरायला लागली, सूज आली, ताप आला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि मासे साफ करताना लागलंय हे आवर्जून सांगा. डायबेटिस किंवा लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी तर अजिबात अंगावर काढू नये.

काम झाल्यावर काय करायचं?

लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, कोरडी पुसा, मोकळ्या हवेत थोडा वेळ राहू द्या, मग कव्हरमध्ये. ओली सुरी कव्हरमध्ये घालणं हे गंजाचं सगळ्यात मोठं कारण. चामड्याचं कव्हर दिसायला छान पण ते ओल आणि मीठ धरून ठेवतं, प्लास्टिकचं आणि तळाला पाणी निथळायला भोक असलेलं घ्या, आणि कव्हरही धुवा, ते धुवायचं लोकांच्या लक्षातच येत नाही. डिशवॉशरमध्ये नको, बाकी भांड्यांवर आपटून धार जाते आणि मूठही खराब होते. खूप दिवस वापरणार नसाल तर पात्याला खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा पातळ हात द्या.

वापरलेली जुनी फिले नाइफ मिळतेय, घेऊ?

पाठीच्या रेषेत बघा, सरळ असेल तर घ्यायला हरकत नाही. धार गेलेली असेल तर लावता येते, पण वारंवार घासून पातं अगदी अरुंद झालं असेल तर त्याचा ताठपणा कमी झालेला असतो, ते मूळच्या सुरीसारखं चालणार नाही. धारेला बारीक खड्डे असतील आणि ते धारेपासून वर लांबपर्यंत गेले असतील तर सोडून द्या. मूठ हलत असेल तरी सोडून द्या.